स्टेरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सीचं विचारा

चार महिने पातळ शी, अँटिबायोटिक दिलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच, आणि आता डॉक्टर म्हणतात, "आतड्याला सूज आहे, स्टेरॉइड सुरू करू." तुमच्या लॅब्रडॉरचं हे वाचलं आणि आमच्या शेरूचं ते वर्ष डोळ्यांपुढे आलं. जर्मन शेफर्ड, 34 किलोचा होता, 26 वर आला. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे.

जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी), स्वादुपिंड हे सगळं तपासून झालंय असं धरते.

आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगते. तेव्हाच्या क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) मी बायोप्सीचं विचारलं, तर "कशाला उगाच खर्च, आधी प्रेडनिसोलोन देऊन बघू" म्हणाले, म्हणजे स्टेरॉइडच. मीही मान डोलावली. तिसऱ्या दिवशी शेरू भांडं चाटूनपुसून साफ करायला लागला, शी घट्ट झाली. पाच आठवड्यांनी डोस कमी केला आणि रक्त पडायला लागलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी करून आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला पाठवले, हीच बायोप्सी. रिपोर्टात आलं: लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी (दोन्ही प्रतिकारपेशी) थोड्या वाढलेल्या, पण स्टेरॉइड चालू असल्याने नक्की सांगता येत नाही, लिम्फोमा (कर्करोग) नाही असंही म्हणता येत नाही. त्या एका ओळीपायी दोन महिने आमची झोप उडाली.

असं का होतं ते मला फार उशिरा कळलं. आतड्याच्या अस्तराखाली प्रतिकारपेशी धडधाकट कुत्र्यातही भरपूर असतात. जंतूंना अडवायचं, पण अन्नाला आणि आतड्यातल्या कायमच्या जिवाणूंना सोसायचं, हे त्यांचं काम. हे सोसणं बिघडलं की त्यांची गर्दी होते, शोषणाचे बारीक उंचवटे बोथट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. बायोप्सीत बघायची असते ती हीच गर्दी, आणि स्टेरॉइड तीच पांगवतं. लिम्फोमाही लिम्फोसाइटचाच कर्करोग, तोही स्टेरॉइडने काही दिवस दबतो. पुरावाच पुसला जातो! अ‍ॅडिसनची (या आजारात अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडतं) कॉर्टिसॉल टेस्टही प्रेडनिसोलोनने बिघडते, तीही आधीच करून घ्या.

मी डॉक्टर नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी आहार बदलून बघावा. हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं खाणं, म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारपेशींना ते सहसा ओळखू येत नाहीत. ज्यांना आहाराने गुण येतो, त्यातल्या बहुतेकांना दोन आठवड्यांत फरक दिसतो. पण त्या काळात दुसरं काही म्हणजे काहीही नाही. आमच्याकडे सासूबाई पोळीचा तूप लावलेला तुकडा हळूच द्यायच्या, "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून. आणि जंताची चिकनच्या चवीची गोळी मी स्वतः दिली! जन्मभर चिकन-भात खाल्लेल्या कुत्र्याला घरचा चिकन-भात देणं म्हणजेही आहार बदलणं नव्हे.

मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स मला अजिबात पटत नाहीत. चांगले जिवाणूही मरतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आमचे पाच झाले. तेवढ्या काळात बी12 एकदाही कुणी तपासलं नाही. ते कमी असेल तर बाकीच्या उपचारांना हवा तसा गुण येत नाही, आणि इंजेक्शनं काही महाग नसतात.

एक मात्र आजच करा, रक्ताच्या रिपोर्टात अल्ब्युमिन (रक्तातलं एक मुख्य प्रथिन) बघा. 2 ग्रॅम/डेसीलिटरच्या खाली असेल, पोटात पाणी होत असेल किंवा पाय सुजले असतील, तर आहाराचे दोन आठवडे थांबू नका. आतड्यातून प्रथिनं गळत असतील तर तेवढा वेळ हातात नसतो. एंडोस्कोपीची सोय असलेल्या ठिकाणी लगेच दाखवा, आणि तिथल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड आत्ताच हवं म्हटलं तर माझं ऐकत बसू नका. आकडा कळला की इथे लिहा, मी बघते आहे.