दुसऱ्या टेकडीचं काय?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या मारिकाना खाणीवरच्या गोळीबाराची फीत परवा पाहिली. भाले, काठ्या घेतलेला जमाव पोलिसांवर चालून येतो. मग पोलिसांनी जीव वाचवायला गोळ्या झाडल्या, यात चूक काय? – एक वाचक, घुग्घुस

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती पहिली जागा. मी वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो, त्यामुळे आधी नकाशा बघायची खोड आहे. १६ ऑगस्ट २०१२ ला माणसं दोन जागी मेली. कॅमेऱ्यांसमोर काही सेकंदांत १७. मग साधारण पाव तासाने, अर्ध्या किलोमीटरवरच्या लहान टेकडीच्या दगडांत लपलेले आणखी १७. तिथे टीव्हीवाले नव्हते. पळून दडलेल्या माणसापासून कसलं स्वसंरक्षण?

पोलीस धास्तावले होते हे खरंच. आधीच्या आठवड्यात संपाच्या हिंसाचारात दहा जण मारले गेले होते, त्यांत दोन पोलीस आणि दोन सुरक्षारक्षक. पण त्या टेकडीवर पोलिसांनीच काढलेल्या फोटोंचं काय करायचं? एकात मेलेल्या कामगाराजवळ काहीच नाही. नंतरच्या फोटोत त्याच माणसाच्या हाताखाली पिवळ्या मुठीचा कोयता आलेला!

संपावर होते ते लोनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणीतले ड्रिलर. जेमतेम मीटरभर उंचीच्या फटीत, वाकून, थरथरतं मशीन छातीशी धरायचं. मागणी महिन्याला १२,५०० रँडची. कंपनीच्या संचालक मंडळावर तेव्हा सिरिल रामफोसा होते, कधीकाळी खाण कामगारांची युनियन बांधणारे. संपकऱ्यांवर कारवाई व्हावी म्हणून त्यांनी ईमेल पाठवले होते. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या फारलाम आयोगाने त्यांना दोषमुक्त केलं, पुढे ते राष्ट्राध्यक्षही झाले. मला मात्र ते ईमेल पचत नाहीत.

आणखी एक. पकडलेल्या २७० कामगारांवर आपल्याच सोबत्यांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. 'समान उद्देश', म्हणजे जमावात सामील असलेला प्रत्येकजण घडलेल्या गुन्ह्याला जबाबदार, हा गोऱ्या राजवटीत गाजलेला कायद्याचा मुद्दा त्यासाठी बाहेर काढला. देशभर बोंब झाली तेव्हा आरोप मागे घेतले.

फारलाम आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये आला. त्या ३४ जणांवर गोळ्या झाडल्याबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झालेली नाही. पगारवाढ मात्र गोळीबारानंतर महिनाभरातच मिळाली, ११ ते २२ टक्के.