'खर्चासह नामंजूर' म्हणजे नेमका कुणाचा खर्च?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या दिवाणी दाव्यात मुख्य सुनावणी सुरू होण्याआधीच तीन अर्जांवर हुकूम झाले. पहिल्याच्या शेवटी लिहिले आहे, 'अर्जाचा खर्च मूळ दाव्याच्या निकालावर अवलंबून राहील'. दुसऱ्यावर 'अर्ज खर्चासह नामंजूर' आणि तिसऱ्यावर 'खर्चाबाबत हुकूम नाही'. या तिन्हींत पैसे कुणी, कुणाला आणि केव्हा द्यायचे, असे त्यांनी विचारले आहे.

सगळ्यात फसवा आहे तो मधला, म्हणून आधी तोच घेऊ. 'सह' हा शब्द नुसती सोबत दाखवतो. 'अर्ज खर्चासह मंजूर' असे वाचले की अर्थ आपोआप लागतो: अर्ज मान्य, आणि अर्जदाराला खर्चही मिळणार. मग त्याच चालीने 'अर्ज खर्चासह नामंजूर' वाचले, तर अर्जही नाकारला आणि अर्जदाराने मागितलेला खर्चही नाकारला, एवढेच हाती लागते. मराठी वाक्य म्हणून त्यात काही वावगे नाही, पण कोर्टाच्या भाषेत अर्थ तिथे थांबत नाही. अर्ज फेटाळला, शिवाय या अर्जापायी समोरच्याला पडलेला खर्च अर्जदाराने भरायचा, असा तो हुकूम असतो. खर्च कुणी द्यायचा हे वाक्यात कुठेच नाही, ते वाचणाऱ्याने परंपरेवरून ओळखायचे. 'अर्ज नामंजूर. अर्जदाराने प्रतिपक्षास अर्जाचा खर्च द्यावा' असे लिहायला चार शब्द जास्त लागतात. पक्षकाराला आपला हुकूम स्वतः वाचून समजायला हवा, म्हणून ते चार शब्द लिहिलेच पाहिजेत असे मला ठामपणे वाटते.

आता पहिला हुकूम. आपल्याकडे दाव्यासोबत मनाईचा, म्हणजे समोरच्याला काही करण्यापासून रोखण्याचा, अर्ज असेल तर त्याला बहुधा निशाणी ५ (कोर्टाच्या नोंदीतला कागदाचा क्रमांक) पडते, आणि कोर्टात सगळे त्याला 'नि. ५' म्हणूनच ओळखतात. समजा, वादीला नि. ५ वर तूर्तातूर्त मनाई मिळाली आणि खर्च दाव्याच्या निकालावर ठेवला. आज कुणीही कुणाला काही देत नाही. पुढे वादी दावा जिंकला तर दाव्याच्या खर्चात या अर्जाचाही खर्च धरला जातो. आणि दावा हरला तर? मनाई मिळवून अर्ज जिंकलेल्या वादीनेच या अर्जाचा प्रतिवादीचा खर्च द्यायचा. अनेकांना हे खरे वाटत नाही, पण शब्दांचा अर्थ तोच आहे. म्हणूनच या ओळीतला 'दाव्याच्या' हा शब्द गाळून चालत नाही. नुसते 'खर्च निकालाप्रमाणे' लिहिले, तर निकाल अर्जाचा की दाव्याचा, या मुद्द्यावर नवा वाद उभा राहतो.

याचीच एक एकतर्फी तऱ्हा इंग्लंडच्या दिवाणी नियमांत आहे: ठरावीक पक्ष शेवटी जिंकला तर त्याला अर्जाचा खर्च मिळतो, हरला तर मात्र समोरच्याचा द्यावा लागत नाही. मराठीत त्यासाठी रुळलेला शब्दप्रयोग माझ्या ऐकण्यात नाही आणि नवा घडवायची गरजही नाही. 'दावा वादीच्या लाभात लागल्यास या अर्जाचा खर्च वादीस मिळावा, अन्यथा ज्याचा त्याने सोसावा' असे सरळ लिहावे.

'खर्चाबाबत हुकूम नाही' यात फारसे गूढ नाही. ज्याचा खर्च त्याच्याकडे. पुढे दावा कुणीही जिंको, या अर्जाचा खर्च मागता येत नाही. हेच 'उभयपक्षांनी आपापला खर्च सोसावा' असेही लिहितात आणि मला ते जास्त आवडते, कारण 'आपापला' या एका शब्दात वाटणी पुरी होते. 'खर्च राखून ठेवला' हे मात्र वेगळे. तिथे कोर्टाने ठरवणेच पुढे ढकललेले असते. 'हुकूम नाही' आणि 'राखून ठेवला' हे समानार्थी समजू नयेत.

या सगळ्यामागचा मूळ नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ मध्ये आहे. साध्या मराठीत, हरेल त्याच्या माथी खर्च. कोर्टाला तसे करायचे नसेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात.

याच ओघात बोलण्यातली 'कॉस्ट' घेतो. 'तारीख घेतली, कॉस्ट बसली' असे वकील म्हणतात आणि पक्षकार त्याला दंड समजतात. कलम ३५-ब खालची ही रक्कम दंड नसते. त्या तारखेला हजर राहायला समोरच्याला जो खर्च आला त्याची ती भरपाई असते आणि ती त्याच्याच हातात पडते. लगतच्या तारखेला ती भरल्याशिवाय वादीला दावा किंवा प्रतिवादीला बचाव पुढे चालवता येत नाही. भरली तर अंतिम हुकूमनाम्याच्या खर्चात ती पुन्हा धरत नाहीत, म्हणजे दावा जिंकला तरी ती परत मिळत नाही. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दलची भरपाई कलम ३५-अ खाली वेगळी आहे आणि तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. आजच्या काळात ही रक्कम कुणाला धाक घालील असे वाटत नाही.

'खर्च' म्हणजे खिशातून गेलेला प्रत्येक रुपया, असेही नव्हे. हुकूमनाम्याखाली खर्चाचा तक्ता असतो. त्यात एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी, आणि मुद्रांक, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणी अशा बाबी असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात सांगितले होते की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा. गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्कामही त्यात धरावा. तरीही तक्त्यातला आकडा आणि घरच्या वहीतला आकडा यांत बहुतेक वेळा मोठे अंतर राहते.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी असे करावे. तिसऱ्या हुकुमाचा विषय सोडून द्यावा. दुसऱ्यात अर्जदार कोण होते ते पाहावे: स्वतः असाल तर रक्कम तुम्ही द्यायची आहे, समोरचा असेल तर तुम्हाला येणे आहे. पहिल्या अर्जाच्या मुद्रांकाच्या, बजावणीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि दाव्याचा निकाल लागला की हुकूमनाम्याचा तक्ता तयार होताना तो खर्च त्यात धरला आहे ना, हे वकिलांना विचारून घ्यावे.