स्तोत्रं रेकॉर्ड करायचीत, मग बीएस्सी सोडायची का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, आजोबांकडून स्तोत्रांची संथा घेतलेली, आणि आता कॉलेज सोडून परदेशातल्या लोकांसाठी स्तोत्रं रेकॉर्ड करायची म्हणतेय, ८० हजारांचं सामान मागतेय, आणि तुमची झोप उडालीय. खूळ नाहीये हे. पण कॉलेज सोडू देऊ नका, उद्या साउंडच शिकावंसं वाटलं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, म्हणजे एफटीआयआयलासुद्धा आधी पदवीच लागते.

सामानाचं म्हणाल तर घरामागे यंत्रमाग आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग माइक लाखाचा घेतला तरी खटखट येणारच ना! बरा माइक, तो कॉम्प्युटरला जोडणारा छोटा इंटरफेस, हेडफोन एवढंच घ्या, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडासिटी फुकट मिळतं. माग बंद असतील त्या दिवशी रेकॉर्ड करायचं, भिंतींवर गोधड्या चादरी टांगून, सोलापुरात चादरींना काय तोटा.

खरी मेहनत उच्चारांची. ‘फलं लभेत्’ मधला फ आपण सर्रास इंग्रजी एफसारखा म्हणतो, इथे कुणी टोकत नाही, पण तिकडची मुलं ऐकून ऐकूनच पाठ करतात, ती तोच चुकीचा फ उचलणार. सोबत रोमन लिपीत मजकूर द्या, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांसकट.

आणि हे तिला नीट सांगा, जुनं स्तोत्र कुणाच्या मालकीचं नाही पण त्याला कुणी आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल आणि ते रेकॉर्डिंग मालकीचं असतं, आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो. आजोबांची पारंपरिक चाल असेल तर उत्तम. तानपुरा मात्र स्वतःचा वाजवा, नेटवरून उचललेल्या ट्रॅकवर यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आपोआप ओळखणारी यंत्रणा, मालकीचा क्लेम टाकू शकतं, मग बसा भांडत.

अथर्वशीर्ष तर हजारोंनी म्हटलंय. तुमच्या घरी कन्नड बोलतात ना, मग आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनं, म्हणजे कन्नडमधली छोटी भक्तिपर रचना, मराठी अर्थासकट का नाही करत? त्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळं गाव लोटतं, पण वचनं किती जणांना येतात?

पैसा व्ह्यूजमधून लवकर यायचा नाही. तिकडच्या मुलांना ऑनलाइन शिकवण्यातून आधी येईल, अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, कॉलेजच्या आधी तास उरकतो.

सध्या संकटनाशन गणेशस्तोत्रच करू द्या, आठच श्लोक आहेत, तो फही त्यातलाच. फाइल पाठवा, मी हेडफोन लावून ऐकतो.