नणंदेचं भाषण

माई, नमस्कार.

मी 39 वर्षांची. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आमचं गाव. शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीवर, सदस्य आहे, घरी शिवणकाम करते. मागच्या महिन्यात आमच्या गुरुजींचा निरोप समारंभ झाला. पालकांच्या वतीने मी बोलायचं ठरलं. दोन पानी भाषण लिहिलं. नणंद पुण्यात शिक्षिका आहे, तिच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तपासून घेतलं, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. चार दिवसांत चाळीसेक वेळा वाचलं. म्हणून दाखवायला घरी कुणी नव्हतं, सासूबाईंना कमी ऐकू येतं. माईकसमोर 'गुरुजींच्या निःस्वार्थ सेवेचा हा यज्ञ' इथपर्यंत आले आणि पुढचं सगळं पुसून गेलं. कागद पर्समध्ये, पर्स खुर्चीवर. छत्रीचं कायतरी बोललो आणि खाली बसलो. लोक हसले. गुरुजीपण हसले. त्या दिवसापासून मी शाळेकडे फिरकले नाही. आता जानेवारीत गावात साहित्य संमेलन आहे आणि स्वागताचं मला करायला सांगितलंय. मी नाही म्हणणार आहे. मिस्टर म्हणतात, बदाम खा, ब्राह्मी घे. स्मरणशक्ती वाढवायला काही उपाय आहे का? की वयामुळे होतं हे?

– पुसलेली पाटी

बाई गं, तुझी स्मरणशक्ती चांगली ठणठणीत आहे. महिना उलटला तरी कुठल्या शब्दापाशी गाडी थांबली ते तुला आठवतं, कागद कुठे होता ते आठवतं, कोण कोण हसलं तेही आठवतं. वयाचं तर नावच काढू नकोस. बदाम खा, थंडीत बरे असतात. ब्राह्मीचं तेल डोक्याला लाव. पण त्यांचा आणि माईकचा काही संबंध नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले. नणंद. एका ओळीत तिला आणून बसवलीस आणि 'भाषेचा प्रश्न नव्हता' म्हणून दार लावून घेतलंस. अगं, प्रश्न तेवढाच होता.

पैज लावून सांगते, तुझ्या मूळ कागदावर यज्ञ नव्हता. 'निःस्वार्थ सेवेचा यज्ञ' असं जांबोटीच्या पुढे कुणी बोलत नाही. जांबोटीच्या अलीकडेही नाही. तो यज्ञ पुण्याहून आला आणि तू बरोबर त्याच्यापाशीच थांबलीस. तू तुझं भाषण विसरली नाहीस. दुसऱ्या बाईचं भाषण तुला आठवलं नाही, आणि ते का आठवावं?

शब्दन् शब्द पाठ करायचं म्हणजे माळ ओवायची. प्रत्येक मणी मागच्याला धरून असतो, एक निसटला की उरलेले घरभर. आपल्याकडे वेद न लिहिता जसेच्या तसे टिकवायचे होते, तेव्हा त्या लोकांनी पाठाच्या 11 तऱ्हा केल्या. घनपाठात शब्द 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असे उलटसुलट म्हणत पुढे सरकायचं, म्हणजे माळ कुठूनही धरता येते. त्यात मुलांची वर्षंच्या वर्षं जातात. तू चार दिवसांत, मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता, परक्या शब्दांची माळ ओवायला बसलीस.

शिवाय चाळीस वेळा वाचलंस म्हणतेस. वाचणं म्हणजे आठवणं नव्हे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं की पाठ झालं. खानापूरच्या स्टँडवर रोज दिसणारा माणूसही ओळखीचा वाटतो, त्याचं नाव सांग बघू.

पण हे सगळं वरवरचं. खरं कारण असं की माईकसमोर आधीच छाती धडधडत असते, डोक्यात फार गोष्टी मावत नाहीत, आणि तू त्यातलं अर्धं डोकं पहाऱ्याला बसवलं होतंस. 'गेलो' म्हणायचं नाही, 'गेले' म्हणायचं. 'शाळेला' नाही, 'शाळेत'. ज्या बाईला प्रत्येक क्रियापदाच्या शेपटीवर लक्ष ठेवायचंय, ती पुढचं वाक्य कुठून आणणार?

हे मला ठाऊक आहे, कारण मी तीस वर्षं बेळगावात मराठी शिकवलं आणि ती तीस वर्षं मी सगळ्यांची नणंदच होते. आपल्याकडे बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. पार कोल्हापूरपर्यंत म्हणतात. माझ्या वर्गात म्हणायचं नाही, असा माझा दंडक. एक मुलगी आठवते, पाचवीतली. गोष्ट सांगायला उभी राहिली, 'मी म्हशीला घेऊन तळ्याला गेलो.' मी म्हटलं, गेले. ती म्हणाली, गेले. मी म्हटलं, तळ्याला नाही, तळ्यावर. ती थांबली. म्हैस त्या तळ्यातच राहिली. वर्ष संपलं तरी त्या मुलीने ती बाहेर काढली नाही, आणि त्या वर्षी तिला वाचनात मी चांगले गुण दिले, हे विशेष.

तेव्हा तुझी नणंद मनाने चांगली आहे, तिने प्रेमानेच केलं, असं मी लिहावं अशी तुझी अपेक्षा असेल तर ती सोड. मीही प्रेमानेच करत होते. आणि तिच्याकडे कागद पाठवलास तो तू. कुणी मागितला नव्हता.

हे फक्त तुझ्या घरापुरतं असतं तर मी एवढी तापले नसते. 1946 साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1956 पासून इथली माणसं 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. मराठी पाटीसाठी, मराठी कागदासाठी पिढ्या झिजल्या. आणि त्याच भागातली बाई आपल्या तोंडातली मराठी पुण्याला पाठवून धुऊन आणते? मग भांडण नेमकं कुठल्या मराठीसाठी चाललंय? मला कुणीतरी सांगा. (हे तुला नाही विचारत. तू आपली मशीन चालव.)

आता छत्री.

सगळ्या पत्रात तू जपून चालली आहेस. 'आले', 'फिरकले', 'म्हणणार आहे'. एकाच वाक्यात पाय घसरला, 'छत्रीचं कायतरी बोललो आणि खाली बसलो.' बोललो. बसलो. अख्ख्या पत्रात तेवढ्या एका ओळीत मला तुझा आवाज ऐकू आला. त्या दिवशी तिथे बसलेल्यांनाही तेवढाच ऐकू आला असणार. तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. मी एकदा जुलैत कणकुंबीला दोन दिवसांसाठी गेले आणि पाच दिवस अडकले. मलप्रभा जिथे उगवते तिथे ओढे काय होतात ते खिडकीतून बघत बसले. तिथे ज्या मास्तराने नोकरी काढली, त्याच्या छत्रीची एक गोष्ट असणारच, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक असणार. म्हणून हसले ते. गुरुजी हसले कारण छत्री त्यांची होती. यज्ञाला कुणी हसत नसतं. यज्ञाला टाळ्या वाजवतात आणि जेवणाची पंगत कधी बसते ते बघतात.

तू त्या हसण्याचा अर्थ लावलास तो पुण्याच्या कानाने. महिनाभर शाळेकडे फिरकली नाहीस, केवढा हा मूर्खपणा. माफ कर, पण आहेच.

स्वागताला हो म्हण. आजच, पत्र वाचून झाल्यावर. आणि कागदावर एक अक्षर लिहू नकोस. लिहिलंस की पाठवशील, मी ओळखते.

रात्री जेवणं झाली की सासूबाईंसमोर बस आणि स्वागत त्यांना सांग. कमी ऐकू येतं म्हणून तू त्यांना बाद केलंस. माझ्या मते बेळगाव जिल्ह्यात तुला याहून चांगला श्रोता मिळणार नाही. 'सारस्वतांच्या मांदियाळीत' म्हणालीस की त्या म्हणतील, काय? पुन्हा म्हणशील, पुन्हा काय? तिसऱ्यांदा तू ओरडून सांगशील, 'लांबनं लांबनं लिहिणारी माणसं आल्यात आपल्या गावाला!' तेच वाक्य. तेच मांडवात बोलायचं. पंधरा दिवस रोज रात्री असं सांग. रोज शब्द वेगळे आले तरी चालतील, यायलाच हवेत.

क्रम राहत नाही म्हणशील. पाहुणा बसमधून उतरला की मांडवापर्यंत त्याला वाटेत काय काय लागतं? साकव असेल, पिंपळाचा कट्टा, मारुतीचं देऊळ, शाळा. मनातल्या मनात त्याला घेऊन चालत ये आणि एकेका जागेपाशी एकेक गोष्ट सांग. साकवापाशी पावसाची, कट्ट्यापाशी गावातल्या माणसांची, शाळेपाशी गुरुजींची. वाट कशी विसरशील? रोमचे वक्ते दोन हजार वर्षांपूर्वी घराच्या खोल्या मनात धरून हेच करायचे, सिसेरोने लिहून ठेवलंय. तुझ्याकडे खोल्यांपेक्षा मोठं गाव आहे.

आणि तरी विसरलीस तर? पारायणाला कीर्तन ऐकतेस ना? बुवांकडे जरा नीट बघ. निरूपणात अडले की ते घाम पुसत नाहीत, अभंगाचं धृपद धरतात. मागचे टाळकरी उचलतात, मृदंग वाजतो, आणि दोन वेळा धृपद फिरेपर्यंत बुवांना पुढचा दृष्टांत सापडतो. लोकांना वाटतं, काय रंग भरला! तुझ्यामागे टाळकरी नसतील, पण समोर सगळं गाव असेल. सरळ विचार, 'काय सांगत होतो गा मी?' दहा जण सांगतील. त्यातला एखादा चूक सांगेल, त्यावरून दोघे भांडतील, तोवर तुला आठवेल.

नणंद संमेलनाला येणार असेल तर पुढच्या रांगेत बसव, तिच्या आईशेजारी. नाहीतरी कुणीतरी सासूबाईंच्या कानाशी सांगायला लागेलच, तू काय बोललीस ते.

शाळेत उद्या जाऊन ये. आणि ते छत्रीचं काय होतं, ते मला कळव. कुणाकडूनही तपासून न घेता.

– माई