‘ताई, ओळख नसताना इंटर्नशिप मिळते का?’

प्रश्न : मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहे. दुसरं वर्ष सगळं प्रोजेक्टचं असतं. ते पुण्यात, गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या एखाद्या कंपनीत करावं असं मनात आहे. लिंक्डइनवर दिसेल तिथे अर्ज टाकतोय, पण कुणी उत्तरही देत नाही. आमच्या कॉलेजात अशा कंपन्या येत नाहीत आणि पुण्यात ओळखही नाही. ताई, तुम्ही हे केलंय, तर काय करू?

उत्तर : आधी अर्जांचा सपाटा थांबव. तू रेझ्युमेवर एम्बेडेड सी, पायथन, आयओटी, मॅटलॅब असं सगळं एका ओळीत लिहिलं असशील. सगळेच लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की यानेही तेच विषय घेतले.

मी काय केलं ते सांगते. गाडीतले वेगवेगळे कंट्रोलर ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात ती कॅन बस तुला अभ्यासात असेलच. बॉशने १९८६मध्ये ती जगासमोर आणली आणि अजून ती गाडीगाडीत आहे. मी इतर सगळं बाजूला ठेवून तेवढ्याच एका गोष्टीमागे लागले. लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. त्यात व्हीकॅन नावाची आभासी बस मिळते, त्यामुळे एकही तार न जोडता संदेश पाठवता येतात आणि वाचता येतात. खर्च शून्य. मग आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि त्याला कॅन बसशी जोडणारी एमसीपी२५१५ चिपची दोन स्वस्त मॉड्यूल्स घेऊन तेच टेबलावर उभं केलं. त्या मॉड्यूलवर १२० ओहमच्या रोधासाठी (रेझिस्टरसाठी) एक छोटा जंपर, म्हणजे काढता-लावता येणारी जोडणी, असतो. वीज बंद करून तो काढ, लाव आणि दर वेळी मीटरवर काय दिसतं ते वहीत लिही. पुस्तकातलं टर्मिनेशन, म्हणजे बसच्या दोन्ही टोकांना रोध लावणं, तिथे खरं कळतं.

मुलाखतीत विचारलं तेही याच्याच आसपास होतं. गाडीच्या ओबीडी पोर्टमधून (तपासणीचं यंत्र जोडायची जागा) इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या मागितल्या, उत्तरात दोन बाइट आले, पहिला २६ आणि दुसरा २४८. फेऱ्या किती? पहिल्याला २५६ने गुणायचं, त्यात दुसरा मिळवायचा, आलेल्याला चारने भागायचं : १७२६. स्वतः एकदा वाचलेलं असलं की हे तोंडावर असतं. नसलं तर प्रमाणपत्रांची थप्पी कामाला येत नाही.

आता ओळखीचं. वशिला नसला तरी चालतं, पण कुणाला लिहायचं हे कळायला हवं. एचआरच्या डब्यात पडलेला अर्ज तिथेच राहतो. त्याऐवजी त्या कंपनीत टेस्टिंग किंवा फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) करणारी माणसं शोध, आधी तुझ्याच कॉलेजातले सीनियर. नांदेडची मुलं चाकण, पिंपरी, हिंजवडीत भरपूर आहेत, तुला अजून भेटली नाहीत इतकंच. आणि ‘सर, काही ओपनिंग असेल तर बघा ना’ असं लिहू नकोस. चार ओळी पुरतात : मी अमुक वर्षाला आहे, कॅनवर हे केलंय, कोड इथे ठेवलाय, जुलैपासून वर्षभर पूर्णवेळ येऊ शकतो. शेवटची ओळ फार महत्त्वाची. बी.ई.ची मुलं उन्हाळ्यात दोन महिने येतात, त्यांना शिकवून होतं न होतं तोच ती परत निघतात. एम.टेक.वाला वर्षभर टिकतो, म्हणून टीमचा माणूस तुझ्यासाठी एचआरकडे शब्द टाकायला तयार होतो. हे जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू कर. मे महिन्यात जागे होणारे पुष्कळ असतात.

आत गेल्यावर काम कसं असतं? सुरुवातीला बरंच कंटाळवाणं. मी टेस्ट बेंचवर (कंट्रोलर टेबलावर जोडून तपासायची जागा) बसून चाचण्यांचे लॉग, म्हणजे नोंदी, वाचायचे. एकदा बेंचवर मधूनच संदेश गळायला लागले. सगळे सॉफ्टवेअर उलथंपालथं करत होते. आमच्या टीममधल्या एका काकांनी (पोरंसोरं त्यांना काकाच म्हणायची) वीज बंद करायला लावली आणि मला दोन तारांमध्ये मीटर धरायला सांगितलं. दोन टोकांना १२०चे दोन रोध असले की ६० दिसायला हवेत. दिसले ४०. म्हणजे कुठेतरी तिसरा रोध होता. नव्याने जोडलेल्या एका टेस्ट बॉक्सच्या पोटात तो निघाला. असं काही दिसलं की त्याच दिवशी नोंद करून ठेव. प्रोजेक्टचा अहवाल लिहिताना आणि पुढच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडतं. कंपनीचा कोड मात्र अहवालात घालू नकोस. काय छापलं तर चालेल हे गाईड आणि तिथला मॅनेजर या दोघांनाही आधी विचार.

प्रश्न : एका क्लासने ‘गॅरंटीड इंटर्नशिप’ देतो म्हणून पैसे मागितले आहेत. भरू का? आणि गेटची (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेवर मिळणारी) स्कॉलरशिप चालू असताना स्टायपेंड घेता येतो का? (वाचक, सातारा)

उत्तर : पैसे भरू नकोस. जिथे काम आहे तिथे काम करणाऱ्याला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत. प्रमाणपत्र सुबक छापून मिळेल, पण मुलाखतीत त्यावर दुसरा प्रश्न आला की काय सांगशील?

स्कॉलरशिपचं मात्र जपून. एआयसीटीईचे (तंत्रशिक्षण परिषदेचे) ते महिना १२,४०० रुपये घेताना दुसरीकडून मिळणाऱ्या पैशांवर अटी असतात. कंपनीचं पत्र हातात आलं की रुजू होण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जा, काय चालतं ते विचार आणि लेखी घे. एनओसीचा (ना-हरकत पत्राचा) अर्जही त्याच फेरीत देऊन टाक. एचओडींची सही, मग प्राचार्यांची, मग शिक्का, यात दिवस जातात, आणि परीक्षेच्या काळात तर टेबलावर कुणी सापडत नाही.