दसऱ्याला साइट सुरू करायचीय, तर आधी एक ऑर्डर घरापर्यंत पोचवून बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सांगलीत तीन वर्षं व्हॉट्सॲपवर हळद पावडर आणि बेदाणा विकताय, आता भाच्याने वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (साइट आणि तिच्यावर ऑनलाइन दुकान उभं करायची तयार सोय) साइट करून दिलीय, दसऱ्याला सुरू करायचीय, हातात अठरा दिवस आहेत आणि बॅनरचा रंग पिवळा ठेवू का हिरवा, अजून काय राहिलंय, असं विचारलंय. बॅनर आहे तसा राहू द्या. मी साताऱ्यात बारा वर्षं छोट्या दुकानांच्या साइटी करतोय, पेढेवाले, लोणचंवाले, मसालेवाले सगळे झाले, आणि रंगामुळे कुणाचा धंदा अडलेला मी बघितला नाही. अडते ती ऑर्डर, मधेच कुठंतरी. म्हणून या अठरा दिवसांत गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून त्याच्या घरातल्या डब्यापर्यंत एक ऑर्डर पूर्ण नेऊन दाखवायची, बाकी सगळं त्याच्या मागून.

आजच एक करा. शेजारच्या काकूंना किंवा सासूबाईंना बोलवा, फोन त्यांचाच, तुमचं वायफाय बंद, आणि फक्त एवढंच सांगा की अर्धा किलो हळद मागवा. मग गप्प बसायचं, कितीही तोंडात आलं तरी इथं दाबा तिथं दाबा म्हणायचं नाही. माझ्या एका लोणचंवाल्या गिऱ्हाइकाच्या आईकडून मी हे करून घेतलं होतं. त्यांनी बरणी निवडली, नाव टाकलं, पत्ता टाकला, मोबाइल नंबरच्या आधी सवयीने शून्य लावला आणि वर इंग्रजीत लाल ओळ आली. त्या दोन मिनिटं त्या ओळीकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, बंद पडलं वाटतं, आणि फोन खाली ठेवला. आम्ही पंधरा दिवस ती साइट रोज बघत होतो पण आमच्यातल्या कुणी कधी नंबरआधी शून्य लावलाच नव्हता. तेव्हा कंपनीचं नाव, पत्त्याची दुसरी ओळ असले रकाने काढून टाका, पिनकोड आणि मोबाइल ठेवा, शून्य किंवा मधे स्पेस आली तर साइटनेच काढून घ्यावी असं भाच्याला सांगा, आणि भरताना काही चुकलं की ज्या सूचना दिसतात त्या मराठीत लिहून घ्या.

आता पैशाचं, इथं जरा जास्त सांगतो कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथंच होतो. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, टेस्ट मोडमध्ये (नुसत्या चाचणीच्या पैशांवर) चालला म्हणजे झालं असं नाही, खऱ्या पैशांसाठीचे कोड, म्हणजे लाइव्ह कीज, वेगळ्या असतात आणि त्या टाकायच्या राहिल्या तर गिऱ्हाइकाला सगळं बरोबर दिसतं आणि पैसे मात्र येतच नाहीत. गेटवेच्या खात्याच्या केवायसीला वेळ लागतो, त्यासाठी साइटवर संपर्क, अटी, प्रायव्हसी, डिलिव्हरी आणि रिफंड ही पानं भरलेली लागतात, ती भरून केवायसीचा अर्ज आजच टाका. मग दहा रुपयांची एक वस्तू लपवून ठेवा आणि खऱ्या यूपीआयने खरेदी करा. एकदा सरळ करा. दुसऱ्यांदा यूपीआय ॲपमध्ये पिन टाकून पैसे कटले की ब्राउझरवर परत येऊच नका, फोन सरळ बंद करा. लोक असंच करतात, पैसे गेलेला आवाज ऐकला की फोन खिशात. अशा वेळी साइटला पैसे आल्याचं कळवतो तो वेबहुक, तो लावलेला नसला तर पैसे कटलेत आणि ऑर्डर मात्र पेंडिंग दिसते, आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो की पैसे घेतले नि माल कुठाय. तिसऱ्यांदा त्याच दहा रुपयांचा रिफंड करून बघा, किती दिवसांनी परत आले ते लिहून ठेवा, रिफंडच्या पानावर तेवढेच दिवस लिहायचे.

ऑर्डर आल्याचा मेल तुम्हाला येतो का? हा प्रश्न साधा वाटतो. साताऱ्यातल्या एका दुकानाची साइट मी सुरू करून दिली आणि चार दिवस ऑर्डरच नाही म्हणून मालक हिरमुसून बसले, पाचव्या दिवशी स्पॅमचा फोल्डर उघडला तर त्यात सगळ्या ऑर्डरी पडलेल्या. चूक माझी होती, वर्डप्रेस होस्टिंगवरून (साइट ठेवलेल्या भाड्याच्या जागेवरून) परस्पर मेल पाठवतं ते बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात, एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची रीतसर सेवा, जोडून डोमेनला (साइटच्या पत्त्याला) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या, नोंदी करायला हव्या होत्या. तेव्हापासून मी हे पहिल्या दिवशीच करतो.

पार्सलचं वजन माल भरून, डबा टेप सगळं धरून काट्यावर करा. बेदाणा पाचशे ग्रॅम, पण पाऊच आणि खोका धरून तो सहाशेच्या वर जातो, आणि कुरिअरचे दर बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्यात असतात, म्हणजे तुम्ही अर्ध्या किलोचा दर लावलाय आणि भरताय एक किलोचा. प्रत्येक पार्सलला हा फरक तुमच्या खिशातून जाणार. खोका मोठा नि माल हलका असला तर आकारावरून वजन धरतात, सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले पाच हजार असा हिशोब बऱ्याच कुरिअरवाल्यांचा असतो, खोके मागवायच्या आधी तो करून बघा. आणि हळदीला दुहेरी पाऊच घ्या हो, एकाच पार्सलमध्ये हळद फुटली की बेदाण्याचा पाऊच पिवळा होतो आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतं.

लेबलवरचा मजकूर साइटवर घेताना एक अडचण येईल. डीटीपीवाल्याने ते लेबल जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असलं तर कॉपी-पेस्ट केल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. तो दुरुस्त करत बसू नका, फोनवर युनिकोडमध्ये सगळं नव्याने टाइप करा, दहा-बारा ओळी असतात. फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, हळद मातकट दिसते, सकाळच्या उन्हात पांढऱ्या कागदावर काढा, आणि फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, दीडशे-दोनशे केबीपर्यंत आणा, जत-आटपाडीकडच्या गावात रेंज कशी असते तुम्हाला माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात, पण सोडू नका. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याचा) चौदा आकडी नंबर साइटवर दिसला पाहिजे. पॅकबंद मालाचे 2011 चे वजन-मापाचे नियम आहेत, त्यामुळे एमआरपी, निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठीचा संपर्क हे प्रत्येक वस्तूच्या पानावर द्या, नुसत्या पाऊचवर असून भागत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि तिचा निकाल एक महिन्यात, तिथं तुमचंच नाव टाका. जीएसटीचं तुमच्या सीएंना विचारा. आणि तुमच्या मसुद्यात हळदीने मधुमेह बरा होतो असं एक वाक्य आहे म्हणालात, ते आजच काढा, खायच्या वस्तूवर आजार बरा होतो असा दावा करता येत नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 ला आणि हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, हे आपल्या अभिमानाचं आहे, पण जीआयचा लोगो लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती झाल्याशिवाय लावू नका. त्याऐवजी राजापुरी हळद आहे का, कुठल्या गावची, कधी दळली, हे लिहा, लोक तेच शोधतात.

डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आज रात्री भाच्याला विचारा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचं डोमेन साइट करणाऱ्याने स्वतःच्या मेलवर घेतलं होतं, पुढं दोघांचं बिनसलं आणि पाट्यांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता त्या दुकानदाराला सोडून द्यावा लागला. भाचा घरचाच आहे, तरी डोमेन, होस्टिंग, गेटवे तिन्ही तुमच्या मेलवर आणि तुमच्या नंबरवर हवेत. एसएसएल, म्हणजे साइटच्या पत्त्याला सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, फुकट मिळतं, ते आपोआप रिन्यू होतंय ना एवढं बघा. सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर तळाशी सर्च इंजिनांना साइट दाखवू नका अशी एक खूण असते, साइट बनवताना ती लावतात आणि काढायची विसरतात, मग गूगलवर महिनाभर काहीच येत नाही. पूर्ण बॅकअप घेऊन तो लॅपटॉपवर उतरवून ठेवा, होस्टिंगवरच ठेवलेला बॅकअप होस्टिंग बंद पडलं की कामाला येत नाही.

दसऱ्याचा मुहूर्त ठेवा, मला तो आवडलाय. पण साइट त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. आठ दिवस आधी गाजावाजा न करता सुरू करा आणि तुमच्या व्हॉट्सॲपच्या जुन्या गिऱ्हाइकांतले दहाजण निवडा, पुण्याचे दोन, मुंबईचे दोन, एखादं खेड्यातलं, त्यांना लिंक द्या आणि ऑर्डर करताना कुठं अडलं ते मोकळेपणाने सांगा म्हणा. दसऱ्याला मग फक्त स्टेटस आणि पाटी लावायची. व्हॉट्सॲप बंद करू नका, साइटवर त्याचं बटण ठेवा, तुमची निम्मी जुनी माणसं तिथूनच येतील. आणि ऑर्डर घेणं एका क्लिकवर थांबवता येईल असं करून ठेवा, 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी आलं तेव्हा काय झालं ते तुम्ही सांगलीकरांनी बघितलंय, अशा वेळी गिऱ्हाइकाला वर एक ओळ दिसली पाहिजे की सध्या पार्सल जात नाहीत.

त्या दहाजणांत मला धरा. लिंक तयार झाली की पाठवा, मी साताऱ्यातून अर्धा किलो हळद आणि अर्धा किलो बेदाणा मागवतो, ऑर्डर आई करेल तिच्या फोनवरून, आणि खोका आला की कुठं फाटलं, कुठं अडलं ते फोटोसकट तुम्हाला कळवतो.