हेडचं मेटल गॅस्केट परत वापरायचं तर आधी ते कसलं आहे ते बघा

तुम्ही लिहिलंय की इंजिन व्हॉल्व्हसाठी उघडलं, हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, जेमतेम ८००० किलोमीटर चाललेलं आहे, दिसायला नवंच आहे, आणि मेकॅनिक म्हणतोय सिलिकॉन लावून तेच बसवू. मेकॅनिकला थांबवा. 'मेटल गॅस्केट' म्हटलं की त्यात दोन अगदी वेगळ्या जाती येतात.

कडेने नीट बघा. पातळ स्टीलचे तीन-चार पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेले दिसले, वर काळसर रबरी लेप आणि सिलिंडरच्या भोकाभोवती उठावाची कडी असली, तर ते मल्टी-लेयर स्टीलचं. आजच्या बहुतेक गाड्यांत हेच असतं. ती उठावाची कडी म्हणजे स्प्रिंग आहे. हेड आवळलं की ती दबते आणि हेड किंचित उचललं तरी मागोमाग उठते. एकदा पूर्ण टॉर्कवर (बोल्ट आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) दबली की पहिल्यासारखी राहत नाही, इंजिन एकदाही चालू केलं नसलं तरी. लेपही उघडताना सोलून निघतो. हे गॅस्केट टाकून द्या आणि नवं कोरडंच बसवा. सिलिकॉन ज्वलनाच्या जागी टिकत नाही. वर आत पिळून आलेले त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात.

जुन्या एअर-कूल्ड गाडीचं नुसत्या तांब्याच्या पत्र्याचं असेल तर मात्र परत वापरा, खुशाल. तांबं दाबाने कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं. पुण्यातले तांबट हंडा ठोकता ठोकता मधेच भट्टीत घालतात ते याचसाठी. गॅस्केट तारेला टांगून, उजेड कमी करून, मंद लाल दिसेपर्यंत सगळीकडून सारखं तापवा आणि पाण्यात सोडा. पोलाद तापवून पाण्यात घातलं की कडक होतं, तांबं होत नाही. पाण्याने फक्त वरची काळी पापडी सुटते. उरलेली चिंच-मिठाने काढा, पॉलिश पेपरने नको, कारण आडवा ओरखडा म्हणजे गॅसला वाट. काचेवर ठेवून सपाट आहे ना बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या गॅस्केटला लाल होण्याची वाट बघू नका, ते ६६० अंशांना वितळतं आणि आधी रंग दाखवत नाही. त्यावर साबण चोळा, साबण काळा पडला की आच काढा.

तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं सँडविच असलेलं जुनं गॅस्केट असेल तर ते घासू नका, फुंकू नका. ओलं करून पिशवीत बांधून टाका.

तांब्याला वरून लावायचंच तर गॅस्केटचा कॉपर स्प्रे, दोन्ही बाजूंनी पातळ हात, चिकटसर झाला की बसवायचं. हेडमध्ये पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटा असतील तर हे हवंच, कारण नुसतं तांबं ती भोकं नीट धरत नाही.

पण खरी गळती बहुधा गॅस्केटमुळे नसते. मी माझ्या टू-स्ट्रोकचं गॅस्केट छान लाल करून बसवलं, आणि पंधरा दिवसांत कात्रजच्या घाटात चिक-चिक आवाज, हेडच्या गार करणाऱ्या पंख्यांवर (फिन्सवर) काळा ओघळ. हेडच वाकलं होतं, मी पट्टी लावून बघितलंच नव्हतं. तेव्हा स्ट्रेट एज (अगदी सरळ धारेची पट्टी) हेडच्या तळावर तिरपी-आडवी ठेवून खाली फिलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पाती) घाला. लहान इंजिनाला ०.०५ मिमीची पाती सरकली तर मी हेडला फेस मारून घेतो, म्हणजे तळ मशीनवर सपाट करून घेतो. तुमच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तो धरा.

बोल्टची तळाशी बंद असलेली भोकं कापडाने कोरडी करा. आत ऑइल साचलेलं असलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि टॉर्क पाना पूर्ण आवळल्याचा खोटा आकडा दाखवतो. ताणून आवळायचे बोल्ट असतील तर तेही नवे घ्या. आवळणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

तांब्याचं असेल तर एकदा इंजिन चांगलं तापवा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा टॉर्क लावा. पहिल्या खेपेला पाना थोडा फिरतोच.